वरची फळी, खालची फळी

म्हापशाच्या बाजारात, केळ्यांच्या घडांमागे
लवंदेबाबांचं दुकान. आधी रेडिओ, मग कॅसेटी,
आणि त्या वर्षी दोन फळ्या पुसून
त्यांवर मांडलेले, काखेत मारून नेता येणारे संगणक.

वर माझ्या अक्षरात पुठ्ठा : लॅपटॉप.
खाली दुसरा : नेटबुक.
घासाघीस कोकणीत, पुठ्ठे मराठीत, बिल इंग्रजीत,
आणि सगळं एकाच गल्ल्यात.

सोपं होतं सुरुवातीला.
दहा इंच खाली, चौदा-पंधरा वर.
खालच्याला सीडीचं तोंड नाही,
कळा अशा खेटून की साळगावचा कुश्तोदियो,
जहाजावरचा आचारी, एक बोट ठेवायचा
आणि तीन अक्षरं उमटायची.
‘हें भुरग्यांचें खेळणें मरे!’ म्हणाला,
आणि खिशातून सुतळी काढली, दोन गाठी मारलेली :
बंकावरच्या कपाटात जागा एवढीच.
सुतळीत बसलं ते. घेऊन गेला.

मग चवथीच्या आधी पणजीहून एक खोकं आलं.
साडेअकरा इंच, वर थोडं.
रॅम दुप्पट. किंमत मधलीच.
‘खंय घालतलो हें?’ लवंदेबाब.
खाली ठेवलं तर गिऱ्हाईक विचारी : एवढं महाग का?
वर ठेवलं तर : एवढं बारकं का?
रात्री खाली ठेवून शटर ओढायचो,
सकाळी वर चढवायचो.

पुढच्या महिन्यात बारा इंच.
त्यामागून एक पंधरा इंचांचं धूड आलं, आत जीव मात्र
खालच्या फळीवरचाच, तोच मंद, तोच स्वस्त.
त्याला मी काही दिवस जमिनीवर ठेवलं.

आमच्या गावात खाजन आहे. बाबा मानशीवर असायचे,
भरती-ओहोटी बघून दारं लावायची, काढायची.
लहानपणी मी विचारलं होतं,
गोडं पाणी नेमकं कुठं संपतं?
त्यांनी वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं,
थुंकले.
‘आजचं इथं.’

मग मीही चव घ्यायला लागलो.
एक गाणं, एक पत्र, एका लग्नाचे चाळीस फोटो,
सगळं एकदम उघडायचं आणि मोजायचं.
वीस म्हणायच्या आत उघडलं तर वर.
लवंदेबाबांना पटलं. पंधरा दिवस चाललं.
मग कुणी आत रॅमची एक पट्टी खोचून घेतली
आणि खालचं वरच्याला हसायला लागलं.

एका शुक्रवारी सुभद्रा आली, हरमलच्या मिरच्या विकणारी.
सोबत मुलगी, श्यामल, पणजीला होस्टेलवर राहणारी.
साडेअकरावर बोट ठेवून मुलगी हळूच म्हणाली,
‘हा लॅपटॉपच ना?’
आईला ऐकू जाऊ नये असं.
‘तिथं सगळ्यांकडे लॅपटॉप आहे.’

मी फळीकडे पाहिलं. त्या दिवशी तो खाली होता.
पुठ्ठा तिच्या गुडघ्यासमोर.
मी पुढे होऊन पुठ्ठ्यासमोर उभा राहिलो.
‘होय बाय. लॅपटॉपच.’

तेव्हा ते खोटं होतं.
नंतर कधीतरी, मला न सांगता,
खरं झालं असावं,
कारण ती पुन्हा आली ती फक्त चार्जर मागायला,
आणि नेटबुकचा पुठ्ठा तोवर
उलटून आम्ही त्यावर लिहिलं होतं : चार्जर मिळतील.

पण हे पुढचं.
त्या शुक्रवारी सुभद्रानं कमरेची पिशवी सोडली,
दहाच्या, पन्नासच्या, घडीत घडी घातलेल्या नोटा,
आणि लवंदेबाब मोजायला बसले.
चार हजारांवर शिंकले.
पुन्हा पहिल्यापासून मोजल्या,
पुन्हा शिंकले.
‘तूच मोज रे,’ मला म्हणाले, डोळे पुसत,
आणि सुभद्रा, पहिल्यांदाच, हसली.